सांगलीतून सुपरहिरोची प्रेमकथा: कॉमिक मालिका लिहिण्यापासून विकण्यापर्यंत

सुपरहिरोची प्रेमकथा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसते. चार पानं मारामारी, मग चार पानं प्रेम, मग पुन्हा मारामारी. मारामारीसाठी आलेला वाचक प्रेमाची पानं भराभर उलटतो आणि प्रेमासाठी आलेला मारामारीची. म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधी एक नियम ठरवून टाका. शक्ती वापरली की तिची किंमत नात्याला मोजावी लागेल आणि ती किंमत डोळ्यांना दिसेल. हा नियम एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर पहिल्या भागाला हात लावू नका.

एक उदाहरण घेऊ, पुढे सगळीकडे तेच वापरू. नायिका मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत तारा चढवण्याचं काम करते. कुठल्याही वस्तूतलं कंपन तिला हाताने ओळखता येतं आणि वाढवताही येतं, मग ती भिंत असो, पुलाचा खांब असो की नदीचं पाणी. नायक सांगलीत पाटबंधारे खात्यात आहे आणि पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी नोंदवतो. नियम असा, की तिने शक्ती वापरली की पुढचा दिवसभर तिला सगळ्यात जवळच्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही. पहिल्या दोन भागांत आईचा आवाज जातो. तिसऱ्या भागात आईचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि समोर उभा असलेला तो ओठ हलवतो, तेव्हा त्याच्या संवादाचा फुगा रिकामा असतो. प्रेम तिला त्या क्षणी कळतं आणि वाचकालाही. हे कॉमिकमध्येच जमतं. नाटकात किंवा सिनेमात रिकामा फुगा काढता येत नाही.

तुमचा नियम असाच पारखून घ्या. तो चित्रात दिसतो का? लढाई जिंकली तरी नात्यात काहीतरी हरतं का? आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्या पात्राला त्यावर स्वतःचा निर्णय घेता येतो का? प्रेमातलं माणूस फक्त पळवून नेण्यासाठी आणि सोडवून आणण्यासाठी असेल, तर ती प्रेमकथा नव्हे. वरच्या उदाहरणात नायकालाही स्वतःचं काम आहे. आकडा खरा नोंदवायचा, वरून दबाव आला तरी. तिच्या शक्तीशिवायही त्याची गोष्ट चालू राहिली पाहिजे. दोघंही सज्ञान आहेत हे पहिल्याच भागात त्यांच्या कामधंद्यावरून स्पष्ट होऊ द्या.

गाव पानावर आणताना

सांगली नुसती मागे रंगवायला घेऊ नका, तिच्याकडून कथेचं काम करून घ्या. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आहे आणि ४५ फूट धोक्याची. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीकराला ३८, ३९, ४० एवढे आकडे दाखवले तरी पुरे, वेगळं पार्श्वसंगीत लागत नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पातळीचा आकडा छापून ताण वाढवता येतो. हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवं होती, २००५ च्या पुराने त्यांचं मोठं नुकसान केलं. गुप्त जागा हवी असेल तर यापेक्षा चांगली मिळणार नाही. कृष्णा आणि वारणेचा संगमही तिथेच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ याच गावात रंगवलं, म्हणजे पराक्रम आणि लग्न एकाच खेळात बसवण्याची इथली सवय जुनी आहे.

मात्र पूर हा तमाशा म्हणून काढू नका. त्यात माणसं गेली आहेत आणि त्यांच्या घरचे लोक तुमचे वाचक असणार. खऱ्या दुर्घटनेचं दृश्य आणि खऱ्या माणसाचा चेहरा दोन्ही टाळा. पोलीस किंवा सरकारी पात्रांच्या गणवेशावर अशोकस्तंभ काढण्याऐवजी साधं कल्पित चिन्ह काढा.

बोली पात्रागणिक ठरवून घ्या. आजी ‘काय करायलाईस गं?’ म्हणेल, नायक घरी ‘आलोय की’ म्हणेल आणि साहेबासमोर प्रमाण मराठीत बोलेल. कुणाच्या तोंडी ‘हाय’ आणि कुणाच्या ‘आहे’ याची एक पानाची यादी करून भिंतीवर लावा. सहाव्या भागात आजी अचानक पुस्तकी बोलायला लागली तर वाचक पत्र लिहितो, आणि त्याचं बरोबर असतं.

आखणी आणि पटकथा

पहिली मालिका सहा भागांची ठेवा. प्रत्येक भागाची आतली २४ पानं, त्यांतली २२ कथेची. एक पान हक्कनोंद आणि श्रेयनामावलीसाठी, एक ‘मागील भागात’साठी. सहाही भागांचा कच्चा आराखडा आणि दोन भागांचं संपूर्ण चित्रकाम हातात आल्याशिवाय पहिला भाग बाजारात आणू नका. नोकरी सांभाळून काढणाऱ्या एका चित्रकाराकडून आठवड्याला दोन पानं होतात. म्हणजे २२ पानांना ११ आठवडे, आणि आजारपण, लग्नसराई धरून तीन महिने. तिमाही मालिका जाहीर करा. मासिक म्हणून जाहीर केलेली मालिका दुसऱ्या भागालाच रखडते आणि वाचक परत येत नाही.

पटकथा पानवार लिहा. पान १, चौकट १, काय दिसतं, कोण काय बोलतं. एका पानावर ४ ते ६ चौकटी, एका फुग्यात जास्तीत जास्त २० शब्द आणि पूर्ण पानात १०० च्या आसपास. एका चौकटीत एकच कृती. ‘ती दार उघडते, त्याला पाहते आणि मागे वळते’ ही तीन चौकटींची गोष्ट आहे.

पान उलटणं हे तुमचं सगळ्यात मोठं शस्त्र आहे. विषम क्रमांकाचं पान उजवीकडे येतं आणि ते उलटलं की सम पान दिसतं. म्हणून धक्का, मुखवटा उतरणं, पहिलं चुंबन हे सम पानावर पहिल्या चौकटीत यायला हवं आणि प्रश्न त्याआधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत. रिकामा फुगा पान १४ वर ठेवायचा असेल, तर पान १३ च्या शेवटी ती त्याच्याकडे चालत जाताना दिसू दे. समोरासमोरच्या पानांवर रहस्य ठेवलं, तर वाचकाची नजर आधी उजवीकडे जाते आणि सगळं फुकट जातं.

सगळ्या २२ पानांचे तळहाताएवढे कच्चे आराखडे आधी काढा, प्रत्येकात फुग्यांच्या जागा धरून. ही पायरी टाळणाऱ्याला शाई झाल्यावर कळतं, की नायिकेच्या कपाळावर फुगा बसवावा लागणार आहे.

पात्रांचं रूप

मुखवट्याने डोळे झाकू नका. सुपरहिरोच्या मुखवट्यात डोळ्यांच्या जागी पांढऱ्या खाचा ठेवायची पद्धत आहे, पण प्रेमकथेत निम्मा अभिनय डोळ्यांत असतो. तोंडावर ओढणी किंवा रुमाल आणि डोळे उघडे, ही रचना आपल्याकडे दुचाकीवरच्या प्रत्येक मुलीला शोभते आणि ओळखही लपते. पोशाख शेकडो वेळा काढायचा आहे, तेव्हा तीन मोठे आकार, एक चिन्ह, एवढंच. बारीक नक्षी दहाव्या पानापर्यंत टिकत नाही. प्रत्येक पात्राचं समोरून, बाजूने, मागून असं एक पान करा, सहा भाव काढा आणि दोघांची उंची शेजारी मांडा. मिठीच्या चौकटीत उंची चुकली तर लगेच डोळ्यांत येते. हातांचा सराव वेगळा करा. प्रेमाच्या दृश्यांत हात सतत लागतात आणि नवख्या चित्रकाराचं पितळ तिथेच उघडं पडतं.

फाइल आणि अक्षरं

आकार पाव क्राऊन घ्या, कापल्यावर ७.२५ × ९.५ इंच. चारही बाजूंनी एक अष्टमांश इंच ब्लीड (कटिंगमध्ये जाणारा जादा भाग) धरला की फाइल ७.५ × ९.७५ इंच होते आणि रेषाकामासाठी ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) ४५०० × ५८५० पिक्सेल. रंगीत थर ३०० डीपीआयला चालतात. कापण्याच्या रेषेपासून किमान ८ मिलिमीटर आतच अक्षरं ठेवा, कारण पिन मारलेल्या अंकात आतली पानं थोडी बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये तेवढी जास्त कापली जातात. चित्रांसाठी ‘क्रिटा’ मोफत आहे आणि पुरेसा आहे.

मराठी कॉमिक सगळ्यात जास्त बिघडतं ते अक्षरांत. चित्र काढायच्या बऱ्याच ॲपमध्ये देवनागरी नीट बसत नाही, पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडते, जोडाक्षरं फुटतात. अक्षरं ‘इंकस्केप’मध्ये करा, तिथे देवनागरी बरोबर येते. इनडिझाइन किंवा फोटोशॉप वापरत असाल, तर वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी त्यांतली सोय) सुरू करा. तो बंद असेल तर ‘किल्ला’सुद्धा धड लिहिला जात नाही.

फॉन्ट निवडताना हे शब्द टाइप करून छापून पाहा: दुसऱ्या, वाऱ्यावर, हृदय, श्रद्धा, विठ्ठल, ॲसिड, रूप. ‘ऱ्या’ तुटला किंवा ‘ॲ’च्या जागी चौकोन आला, की तो फॉन्ट बाद. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं येण्यासाठी प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते. ‘बालू’, ‘मुक्ता’ आणि हस्ताक्षरासारखा ‘कलम’ हे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत, विक्रीच्या पुस्तकात वापरले तरी पैसे पडत नाहीत. नायिकेच्या बोलण्याला ‘कलम’ आणि पाणीपातळीच्या नोंदींना ‘मुक्ता’, अशी विभागणी छान दिसते.

माप ९ ते ९.५ पॉइंट. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, अक्षराच्या मापाच्या १.४ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. त्यामुळे फुगे इंग्रजी कॉमिकपेक्षा उंच होतात, हे आराखड्यातच धरा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. जोर द्यायला तिरपं अक्षर वापरू नका, ठळक करा. शब्द तोडून दोन ओळींत नेऊ नका.

आवाजाचे शब्द फॉन्टने लिहू नका, हाताने काढा. ‘झण्णऽऽ’, ‘धडाम’, ‘खळ्ळ’ यांची शिरोरेषा हीच चित्राची रेषा होऊ शकते. पुलाच्या कमानीवरून वाकलेली, भिंतीच्या तड्यासारखी दुभंगलेली, पाण्याबरोबर वाहत गेलेली. देवनागरीला मिळालेली ही देणगी आहे, ती मनसोक्त वापरा.

रंग: काळा आणि हळदी

चार रंगांचा हट्ट पहिल्या मालिकेत सोडा. काळा आणि एक हळदी पिवळा, एवढ्या दोन रंगांत ही गोष्ट उत्तम उभी राहते. कंपन जिथे जिथे आहे तिथे पिवळा, बाकी सगळं काळं-पांढरं. छपाईच्या प्लेटा निम्म्यावर येतात, रंगकाम जलद होतं आणि अंक दुकानात दुरून ओळखू येतो. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा तो रंग इथल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

काळजी एवढीच, की पांढऱ्या कागदावर पिवळा फिका पडतो. पिवळ्यात अक्षरं किंवा बारीक रेषा काढू नका, मोठे भरीव भाग भरा. पिवळा काळ्या रेषेच्या खालीपर्यंत न्या आणि काळा त्यावर ओव्हरप्रिंट ठेवा, म्हणजे खालचा पिवळा न कापता त्याच्यावरच छापा. नाहीतर छपाईत अर्धा मिलिमीटर सरकलं तरी पांढरी फट दिसते. प्रेसला दोन थर वेगवेगळ्या फाइलींत द्या. डिजिटल छपाईत हळदीसाठी पिवळा १०० आणि मॅजेंटा (गुलाबी शाई) २५ टक्के धरा आणि एक प्रूफ काढूनच पुढे जा. अक्षरं फक्त काळ्या शाईत, १०० टक्के, चारही रंग मिसळून कधीच नाही.

प्रेसमध्ये

२०० प्रतींपर्यंत डिजिटल छपाई साधारण परवडते, ५०० च्या पुढे ऑफसेट (प्लेटांवरून होणारी छपाई). मधल्या आकड्याला दोन्हीकडून दर घ्या. दर विचारताना असं लिहून द्या: पाव क्राऊन, आतली २४ पानं दोन रंगांत, ९० जीएसएम मॅपलिथो (चकाकी नसलेला कागद; जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम), कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्ड चार रंगांत, बाहेरून मॅट लॅमिनेशन, क्रीझिंग (घडीची रेघ दाबणं), सेंटरला दोन पिना. २० × ३० इंची कागदावर पाव क्राऊनची दोन्ही बाजू मिळून १६ पानं बसतात, त्याला एक फॉर्म म्हणतात, त्यामुळे २४ पानं म्हणजे दीड फॉर्म. पानसंख्या चारने भागली जायलाच हवी. २६ पानं काढलीत तर एकतर दोन पानं कमी करा किंवा आणखी दोन कोरी सोडा. चित्र कडेपर्यंत जाणार आहे हे प्रेसला आधी सांगा, कारण मशिनच्या ग्रिपरला (कागद धरणाऱ्या चिमट्याला) कडेचा कागद लागतो आणि जागा कमी पडली तर आकार थोडा लहान करावा लागतो.

अक्षरं आउटलाइन केलेली, म्हणजे फॉन्ट न लागता चित्रासारखी उमटणारी पीडीएफच द्या. मूळ मजकूर दिला आणि प्रेसच्या संगणकावर जुना बिगर-युनिकोड फॉन्ट असला, तर रूपांतरात रफार आणि रुकार उडतात. पीडीएफ दिल्यावरही एक डमी अंक मागा, घडी घालून हातात घ्या आणि पान १३-१४ उलटून पाहा.

जुलै-ऑगस्टमध्ये छपाई टाळा. हवेतल्या ओलाव्याने एकाच बाजूने लॅमिनेशन केलेलं कव्हर वळतं. माल आला की ५० चे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून सपाट, वजनाखाली ठेवा. नदीकाठच्या भागात राहत असाल, तर गठ्ठे पहिल्या मजल्याच्या खाली नकोत.

हक्क आणि क्रमांक

चित्रकाराशी, रंगकाराशी, अक्षरकाराशी लेखी करार करा, मित्र असला तरी, किंबहुना मित्र असला म्हणूनच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दिलेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत, तर करारात वेगळं म्हटलं नसल्यास ते परत जातात. म्हणून मुदत, प्रदेश, छापील आणि डिजिटल दोन्ही, पानामागे मानधन आणि पुढच्या नफ्यातला वाटा, हे सगळं लिहा. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, कृती निर्माण होताच हक्क लागतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वादाच्या वेळी पुरावा म्हणून नोंदणी उपयोगी पडते.

मालिकेचं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग १६ मध्ये शोधून घ्या, छापील साहित्य त्या वर्गात येतं. अमेरिकेत ‘सुपर हिरो’ या नावाच्या ट्रेडमार्क नोंदण्या मार्व्हल आणि डीसी यांच्या संयुक्त मालकीच्या होत्या. त्या सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाल्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर प्रकाशक म्हणून स्वतःची नोंद करा. प्रत्येक भागाला वेगळा क्रमांक आणि ई-आवृत्तीला आणखी वेगळा. प्रकाशनानंतर ३० दिवसांत प्रत्येकी एक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं यांना स्वखर्चाने पाठवणं १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. या चार प्रती हिशेबात आधीच धरा.

विक्री

किंमत ठरवताना दुकानदाराचं ३५ ते ४० टक्के कमिशन धरा. समजा प्रत ३० रुपयांना पडली आणि किंमत १०० ठेवली. दुकानातून ६० हातात येतात, छपाई वजा जाता ३०, आणि त्यातून चित्रकाराचं मानधन, खराब प्रती, प्रवास हे सगळं भागवायचं. म्हणून पहिल्या निम्म्या प्रती थेट विकायच्या. छपाईच्या महिनाभर आधी यूपीआयवर आगाऊ नोंदणी घ्या, छपाईची संख्या त्यावरूनच ठरवा. सांगली-मिरजेची महाविद्यालयं, डिसेंबर-जानेवारीतली गॅदरिंगं, दिवाळी अंकांचे स्टॉल, आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. प्रेमकथेचा अंक तेव्हा खपतो. दुकानात ठेवलेल्या प्रतींची पावती घ्या आणि दर महिन्याला स्वतः जाऊन मोजा.

वर दिलेल्या कागदावर एक प्रत सुमारे ७० ग्रॅम भरते, पुठ्ठा घालून बांधलेल्या तीन प्रती ३०० ग्रॅममध्ये बसतात. पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ ला सुरू झाली, तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि कर असा दर होता. ती सामाजिक, सांस्कृतिक आणि शैक्षणिक पुस्तकांसाठी आहे, जाहिराती असलेलं साहित्य किंवा नियतकालिक तिथे चालत नाही. म्हणून बाहेरच्या जाहिराती घेऊ नका, प्रकाशकाचं नाव ठळक छापा आणि पहिला गठ्ठा नेण्याआधी एक प्रत पोस्टमास्तरांना दाखवून विचारून घ्या.

फोनवरच्या वाचकासाठी छापील पान तसंच टाकू नका. सव्वासात इंच रुंदीचं पान पावणेतीन इंचांच्या पडद्यावर आलं की ९.५ पॉइंटचं अक्षर साडेतीन पॉइंटचं होतं. चौकटी सुट्या करा, अक्षरं पुन्हा बसवा. इन्स्टाग्रामसाठी १०८० × १३५० पिक्सेल, एका पोस्टमध्ये २० चित्रांपर्यंत. खाली सरकवत वाचायच्या आवृत्तीला ८०० पिक्सेल रुंदी. त्यासाठी अक्षरांचा थर पहिल्यापासून वेगळा जपलेला हवा, आणि आउटलाइन करण्याआधीची फाइल निदान दोन ठिकाणी साठवा. पहिल्या भागाची आठ पानं फुकट वाचू द्या, पण तिसऱ्या भागातलं रिकाम्या फुग्याचं पान कुठेही फुकट टाकू नका. त्या भागाची छापील आवृत्ती पुरेशी विकली जाईपर्यंत ते पान फक्त कागदावर राहू दे.